कनाल द्यु मिदीच्या काठानं सायकलवर: तूलूझ ते सेत सहल कशी आखावी आणि ती कुठे बिघडते

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीच्या काठानं सायकल चालवायचा बेत बहुतेक जण एकाच हिशेबानं करतात. तूलूझपासून सेत बंदराजवळच्या एतां द तो या खाजणापर्यंत कालवा २४० किलोमीटर, कालव्याला चढ कसला, रोज साठ किलोमीटर म्हणजे चार दिवस. हा हिशेब तिसऱ्या दिवशी कोलमडतो. चढ खरोखरच नावापुरता आहे, पण वाट सगळीकडे सारखी नाही. पहिले ५० किलोमीटर छान डांबरी. पुढे ऑद जिल्ह्यात माती, खडी आणि झाडांची वर आलेली मुळं. शेवटी एरो जिल्ह्यात पुन्हा डांबराचे तुकडे. आणि वाट जिथे सगळ्यात खराब आहे, नेमकी तिथेच रेल्वे कालव्याला सोडून दूर जाते.

म्हणून आखणीची सुरुवात तूलूझपासून करू नका. कार्कासोन ते बेझिये हा मधला १०० किलोमीटरचा पट्टा आधी ठरवा आणि उरलेली सहल त्याच्या दोन्ही बाजूंना बसवा.

## टप्पा १: महिना आणि दिशा

मे ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जाणं नेहमीचं आहे. ‘आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय’ हे इथे कामाचं नाही, कारण जुन्या फोटोंतली सावली आता बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. कालव्याकाठच्या सुमारे ४२,००० प्लेन वृक्षांना (हे चिनारच्या जातीचे) २००६ पासून एका बुरशीजन्य रोगानं ग्रासलं आणि हजारो झाडं तोडावी लागली. नवी रोपं लावली आहेत, पण त्यांची सावली पडायला अजून वेळ आहे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर भूमध्य समुद्राकडून अचानक मुसळधार पाऊस येतो. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्रेब गावात आलेला पूर याच प्रकारचा होता. नोव्हेंबर ते मार्च बोटींसाठी कालवा जवळपास बंद असतो आणि काठावरची बरीचशी राहण्या-खाण्याची ठिकाणंही बंद होतात.

मे महिन्यात एक खोच आहे. १ मे, ८ मे आणि असेन्शनचा गुरुवार या सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक मोठे वीकेंड काढतात. त्या रात्रींच्या खोल्या सगळ्यात आधी संपतात.

दिशा तूलूझकडून सेतकडे ठेवा. नोरूझ हा कालव्याचा सर्वांत उंच बिंदू १८९ मीटरवर आहे आणि तो तूलूझपासून ५२ किलोमीटरवरच लागतो. म्हणजे सगळा चढ डांबरी भागात, तोही जाणवणार नाही इतका, आणि खराब वाटेवर उतार सोबतीला. ऑदमध्ये ‘सेर्स’ हा वायव्येचा वारा बहुतेक वेळा पाठीवर राहतो. उलट बाजूनं येणारा ‘ओतां’ वाराही आहे. तो आग्नेयेकडून, अनेकदा दोन-तीन दिवस सलग आणि जोरात वाहतो. मुख्य तडाखा लोरागे भागाला, म्हणजे तुमच्या पहिल्या दिवसाला.

तपासा: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाऊस तर बघाच, पण वाऱ्याची दिशा आणि वेगही बघा. समोरून ताशी ४० किलोमीटरचा ओतां असेल तर सकाळी तासभर लवकर निघा किंवा पहिला मुक्काम अलीकडे घ्या.

## टप्पा २: दिवसांची विभागणी

सामान लादलेल्या सायकलवर साधारण तब्येतीच्या माणसानं डांबरावर ताशी १५ आणि ऑदमधल्या कच्च्या वाटेवर ताशी १० किलोमीटर धरावेत. पाऊस पडून गेला असेल तर ८. हा निव्वळ पेडल मारण्याचा वेळ झाला. फोटो, पाणी, पंक्चर, जेवण यांसाठी त्यावर तीन तास ठेवा.

बहुतेकांना जमेल अशी विभागणी:

- दिवस १: तूलूझ ते कास्तेलनोदारी, ६५ किमी
- दिवस २: कास्तेलनोदारी ते कार्कासोन, ४० किमी
- दिवस ३: कार्कासोनमध्ये विश्रांती
- दिवस ४: कार्कासोन ते ओम्प्स, ४० किमी
- दिवस ५: ओम्प्स ते कापेस्तां, ४३ किमी
- दिवस ६: कापेस्तां ते बेझिये, २० किमी
- दिवस ७: बेझिये ते सेत, सुमारे ५० किमी

चौथा आणि पाचवा दिवस कागदावर सोपे दिसतात, म्हणून लोक ते जोडून ८३ किलोमीटर एका दिवसात करायला जातात. तसं करू नका. याच दोन दिवसांत मनगटं दुखतात, बॅगांचे हूक निसटतात, ट्यूब जातात. सहावा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे; पाचव्या दिवशी काही राहिलं तर ते इथे भरून काढता येतं. दिवस कमीच असतील तर विश्रांतीचा दिवस काढा, छोटा दिवस काढू नका.

लहान मुलं सोबत असतील, किंवा एवढ्या लांबीची ही पहिलीच वेळ असेल, तर मधला पट्टा सरळ गाळा. तूलूझ ते कार्कासोन सायकलवर, कार्कासोन ते बेझिये रेल्वेनं, तिथून सेतपर्यंत पुन्हा सायकलवर. यात कमीपणा काही नाही. आमच्या मते कुटुंबासाठी हीच खरी चांगली सहल आहे.

## टप्पा ३: आरक्षणं आणि व्हिसा, याच क्रमानं

क्रम चुकला की एकेक बुकिंग बदलत बसावं लागतं. हा क्रम पाळा:

१. ओम्प्स, ल सोमाय, कापेस्तां या गावांतल्या खोल्या. गावं चिमुकली, खोल्या मोजक्या.
२. भाड्याची सायकल, तूलूझला घेऊन सेत किंवा बेझियेला सोडण्याच्या सोयीसह.
३. तूलूझ, कार्कासोन, बेझिये इथली हॉटेलं. इथे पर्याय भरपूर.
४. व्हिसाचा अर्ज.
५. व्हिसा मिळाल्यावर रेल्वेची तिकिटं.

खोली शोधताना ‘आक्योय व्हेलो’ हे चिन्ह बघा. हे चिन्ह असलेली जागा सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असते, सायकल ठेवायला बंदिस्त जागा देते आणि जुजबी दुरुस्तीची हत्यारं बाळगते. कार्कासोनच्या तटबंदीच्या आतलं किंवा बेझियेच्या जुन्या गावातलं हॉटेल निवडताना नकाशावर उंची बघून घ्या. दोन्ही टेकडीवर आहेत आणि कालवा खाली. दिवसभर सपाटीवर चालवून शेवटी सामानासह खडा चढ, तोही दगडी फरसबंदीवर!

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांहून कमी वेळ उरला असेल तर तो चालत नाही. प्रौढांचं शुल्क ९० युरो, सेवा केंद्राचा आकार वेगळा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे अर्ज देता येतो. सायकल सहलीत अडचण येते ती रोज बदलणाऱ्या मुक्कामाची. प्रत्येक रात्रीचा पुरावा जोडा, आणि एका पानावर साधा तक्ता द्या: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कुठल्या नावानं बुकिंग. सायकल भाड्याची पावतीही लावा. म्हणजे सात रात्रींत सहा गावं का, हा प्रश्न पडत नाही. फुकट रद्द होणारी बुकिंग करा, पण व्हिसा हातात पडेपर्यंत ती रद्द करू नका.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह असावा लागतो. ही अट भागली की लोक पॉलिसी बंद करून ठेवतात. अपवादांची यादी वाचा. काही पॉलिसींत सायकलिंग साहसी खेळात मोडतं, काहींत विजेची सायकल वगळलेली असते. सायकल सहलीतला अपघात यात येतो का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

सावधान: सायकल भाड्यानं देणारे अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. त्यासाठी बहुधा खरं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्डावर ती अडकवता येत नाही म्हणून दुकानात ऐनवेळी खोळंबा होतो. क्रेडिट कार्ड परदेशी व्यवहारांसाठी घरूनच सुरू करा आणि पिन पाठ ठेवा.

## टप्पा ४: सायकल निवडणं आणि ताब्यात घेणं

स्वतःची सायकल भारतातून नेण्याचा मोह टाळा. सहल एका गावी सुरू होऊन दुसऱ्या गावी संपते. विमानाचा रिकामा खोका सात दिवस कुठे ठेवायचा?

भाड्यानं घेताना ‘व्हेटेसे’ मागा. फ्रेंचमध्ये डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या सायकलीला हेच म्हणतात. रोडबाइक तर नकोच, पण शहरी सायकलही नको. टायर किमान ३८ मिलिमीटर रुंद. ४२ ते ४५ असेल तर ऑदमध्ये हात दुवा देतील. पुढे साधं सस्पेन्शन असलं तर चांगलं, नसलं तर रुंद टायर ते काम बरंचसं भागवतो. विजेची सायकल या मार्गावर गरजेची नाही. चढ नाहीत, आणि मुळांवरून २५ किलोची सायकल उचलून घ्यायची वेळ येते. गुडघ्याचा त्रास असेल किंवा सोबत्यांच्या वेगात फार फरक असेल तरच घ्या, आणि मग मुक्कामी चार्जिंगची सोय आहे का ते आधी विचारा.

दुकानातून सायकल बाहेर काढण्याआधी हे बघा:

- ब्रेक: फ्रान्समध्ये डाव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो. तुमच्या सवयीच्या सायकलवर उलट असेल तर आधी मोकळ्या जागेत पाच मिनिटं सराव करा. घाईत पुढचं चाक जखडलं की माणूस हँडलवरून जातो, आणि इथे बाजूला पाणी आहे.
- व्हॉल्व्ह: बारीक प्रेस्टा आहे की मोटारीसारखा जाड? सुट्या ट्यूब आणि पंप त्याच जातीचे मिळाले आहेत ना?
- कॅरिअर: चारही स्क्रू घट्ट आहेत का. कच्च्या वाटेवर सगळ्यात आधी हेच ढिले होतात.
- घंटा आणि दिवे: कायद्यानं आवश्यक आहेत. घंटा तर दर दहा मिनिटांनी लागते.
- ओरखडे: आहेत तेवढ्यांचे फोटो काढा आणि दुकानदारासमोर काढा.

हवा जास्त भरू नका. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये डांबरावर साडेतीन बार, ऑदमध्ये शिरताना अडीच ते पावणेतीन. टणक टायर मुळांवर उसळतो आणि तो धक्का थेट मनगटात जातो. फारच कमी केली तर मुळाच्या कडेवर ट्यूब चिमटून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

हत्यारं: माणशी दोन ट्यूब, टायर काढायच्या तीन पट्ट्या, पॅच, पंप, ॲलन चाव्यांचा संच, साखळीचं तेल, दहा-बारा प्लॅस्टिक झिप-टाय. तेल लागतंच, कारण इथली बारीक पांढरी धूळ साखळी कोरडी करते. काठावरचं गवत आणि झुडपं कापल्यावर काटे वाटेवर पडून राहतात, तेव्हा एका दिवसात दोन पंक्चर ही नवलाई नाही.

## टप्पा ५: सामान

मागच्या कॅरिअरवर दोन जलरोधक बॅगा आणि हँडलवर एक छोटी पिशवी, सगळं मिळून ८ ते १० किलो. पाठीवर सॅक नको. चौथ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. दोन्ही बॅगांचं वजन सारखं ठेवा आणि जड वस्तू तळाशी. एक बॅग जड असली की अरुंद वाटेवर सायकल त्या बाजूला ओढते.

मोठ्या सुटकेसचं काय, हा प्रश्न ऐनवेळी सुचतो. दोन उपाय आहेत. एक, सामान पुढच्या मुक्कामी गाडीनं पोचवणारी सेवा. ती सायकलच्या दुकानातूनच ठरवता येते, मात्र सामान सकाळी ठरल्या वेळेआधी खाली आणून द्यावं लागतं. दुसरा आणि स्वस्त उपाय म्हणजे सुटकेस तूलूझच्या हॉटेलात ठेवायची, सहलीनंतरची रात्र त्याच हॉटेलात घ्यायची आणि परतीचं विमान किंवा पॅरिसची गाडी तूलूझहूनच धरायची.

खाण्याचं सामान भरताना एक नियम लक्षात घ्या: युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. पेढे, बर्फी, चितळ्यांची बाकरवडी असं एका दमात म्हणत सगळं भरू नका. बाकरवडी जाईल, पेढे जाणार नाहीत, तूपही नाही. मेतकूट, चटणी, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर एवढं शाकाहाऱ्यांनी जरूर न्यावं. का, ते पुढे येईलच.

## टप्पा ६: सराव

निघण्याआधीच्या सहा आठवड्यांत किमान तीनदा शनिवार-रविवार लागोपाठ ४०-५० किलोमीटर चालवा, बॅगा लावून. एकाच दिवशी १०० मारण्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसण्याची असते. त्यातले १५ किलोमीटर तरी कच्च्या वाटेवर असू द्या; आपल्याकडे धरणाच्या कालव्याच्या भरावावरची मुरमाची वाट याला अगदी योग्य. गादीची चड्डी तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नका.

## टप्पा ७: प्रत्यक्ष वाट

तूलूझ ते नोरूझ. मातबियो हे तूलूझचं मुख्य स्टेशन कालव्याला लागूनच आहे. बाहेर पडून कालव्याकडे तोंड केलं की डावीकडे वळा. उजवीकडे गेलात तर पों-ज्युमो बंदरावर पोचाल आणि तिथून गारोन कालव्याची वाट बोर्दोकडे नेते. तीही डांबरी आणि छान आहे, त्यामुळे चूक उशिरा कळते. थोड्याच वेळात पोर सां-सोव्हर हे होड्यांचं बंदर आणि पुढे रामोंव्हिल आलं की तुम्ही बरोबर आहात. पहिले १०-१२ किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या सायकलस्वारांची गर्दी असते. त्यांचा वेग मोठा. उजवीकडून चाला, दोघं-दोघं शेजारी नको, फोटोसाठी थांबायचं तर वाटेवरून खाली उतरून थांबा.

पोर-लोरागेला ५० किलोमीटर होतात. तिथे महामार्गाचा थांबा आहे: स्वच्छतागृह, पाणी, खाणं, सगळं एका जागी. पुढे लगेच नोरूझ आणि डांबराचा शेवट. टायरमधली हवा इथे कमी करा.

नोरूझ ते कार्कासोन. आता लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटींना वर-खाली नेणारी दारांची कुंडं, एकामागून एक लागतात आणि प्रत्येकाजवळ छोटासा उतार. त्या उतारावर खडी सैल असते, वळण लगेच येतं, तेव्हा ब्रेक आधीच दाबा. लॉकवरच्या घरांच्या भिंतीवर पाटी असते: लॉकचं नाव आणि मागच्या-पुढच्या लॉकचं अंतर मीटरमध्ये. मोबाइलची बॅटरी संपली तरी या पाट्यांवर दिवस निभावतो. ऑदमध्ये काही तुकडे अलीकडे खडी दाबून सुधारले आहेत, पण सगळी वाट तशीच असेल या भरवशावर वेळ आखू नका. कास्तेलनोदारी, ब्राम आणि कार्कासोन तिन्ही ठिकाणी रेल्वे स्टेशन आहे. कार्कासोनचं तर कालव्याच्या काठावरच.

तपासा: विश्रांतीच्या दिवशी कार्कासोनमध्ये सायकलचे सगळे स्क्रू आवळा, ब्रेकपॅड बघा, साखळी पुसून तेल द्या, वापरलेल्या ट्यूबच्या जागी नव्या घ्या. यापुढे बेझियेपर्यंत मोठं दुकान मिळेलच असं नाही.

कार्कासोन ते ओम्प्स. त्रेबच्या पुढे वाट अरुंद होते, काही ठिकाणी दोन वीत रुंदीची चाकोरी. मुळं तिरपी आडवी येतात. मुळाला काटकोनात सामोरं जा. तिरपं गेलात की पुढचं चाक मुळावरून घसरतं आणि ओल्या मुळावर ते हमखास होतं. पेडल आडवे ठेवून, किंचित उभं राहून, कोपर सैल सोडा. पाण्याच्या बाजूला कठडा नाही. समोरून कोणी आलं तर पाण्यापासून लांबच्या बाजूला पाय टेकवून थांबा, शौर्य दाखवू नका.

मुळांहून फसवा धोका दोरांचा. मुक्कामाला थांबलेल्या बोटी काठावर लोखंडी मेखा ठोकून बांधतात आणि कधीकधी दोर वाटेवरूनच झाडापर्यंत नेतात. कवडशांत तो दिसत नाही. मासे धरणाऱ्यांच्या लांबलचक काठ्याही तशाच आडव्या पसरलेल्या असतात. बोट किंवा खुर्ची दिसली की वेग कमी आणि घंटा.

पावसानंतर इथली चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरून चाक जाम करते. मग वाट सोडून डांबरी रस्त्यानं जा, पण कुठल्या, ते महत्त्वाचं. नकाशावर सगळ्यात सरळ दिसणारा डे-६१० हा त्रेब-ओम्प्स रस्ता ट्रकांचा आहे. गावागावांतून जाणारे तीन-चार आकडी क्रमांकांचे छोटे रस्ते धरा, लांब पडले तरी.

ओम्प्स ते कापेस्तां. ओम्प्सनंतर आर्जांसला शेवटचं लॉक लागतं आणि त्यानंतर बेझियेच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. म्हणजे भिंतीवरच्या पाट्याही नाहीत. अंतर मोजायचं ते गावांवर: रुबिया, पाराझा, वांतनाक, ल सोमाय, आर्जेलिये. पाणी एका पातळीत ठेवण्यासाठी कालवा टेकड्यांना वळसे घालत जातो; समोर दिसणाऱ्या देवळाच्या मनोऱ्याला पोचायला दुप्पट अंतर लागतं. उन्हाळ्यात अर्धा तास जास्त धरला नाही तर याच पट्ट्यात पाणी संपतं.

इथे सुटकेचा मार्ग एकच सोयीचा. ल सोमायच्या पुढे दोन किलोमीटरवर एक फाटा दक्षिणेला नार्बोनकडे जातो आणि नार्बोनला मोठं स्टेशन आहे. ओम्प्सच्या आसपास अडचण आली तर जवळचं स्टेशन लेझिन्यां-कोर्बिएर, साधारण १० किलोमीटर दक्षिणेला.

वाट मधूनमधून काठ बदलते. पूल आला की पलीकडच्या काठाकडेही एक नजर टाका; चाकोरी तिकडे जास्त मळलेली दिसली तर तिकडे जा. झाडतोडीचं किंवा दुरुस्तीचं काम चालू असेल तर ‘देव्हियासियों’ अशी पिवळी पाटी लागते. ती पाळा, कुंपण ओलांडून गेलात की पुढे वाटच खणलेली असते.

कापेस्तां ते बेझिये. प्वाल्हनंतर मालपासचा बोगदा. बोटी टेकडीच्या पोटातून जातात, सायकलची वाट वरून. कोलोंबियेपासून डांबर सुरू होतं, तेव्हा हवा पुन्हा भरा. डे-११ या वाहत्या रस्त्यानं ‘शॉर्टकट’ मारायची इच्छा इथे होते, ती आवरा. फोंसेरानला आठ कुंडांची लॉकची पायऱ्यांसारखी ओळ सुमारे २१ मीटर खाली उतरते. कडेचा उतार तीव्र आणि पर्यटक शेकड्यांनी. इथे सायकल हातात धरून चाला. खाली कालवा पुलावरून ओर्ब नदी ओलांडतो.

बेझिये ते सेत. पोर्तिरान्यपर्यंत सुखाचं. आग्दला मात्र कालवा एरो नदीत शिरून थोड्या अंतरावर पुन्हा बाहेर पडतो, त्यामुळे काठाची वाट तुटते आणि गावातून जावं लागतं. इथे व्हे-८० च्या, म्हणजे याच सायकल मार्गाच्या, हिरव्या-पांढऱ्या पाट्या सोडू नका. खाजणाच्या तोंडाशी कालवा संपतो, सायकल मार्ग नाही. मार्सेयां-प्लाजपासून सेतपर्यंत समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवरून सुमारे १२ किलोमीटरची सायकलवाट आहे. सावली शून्य, वारा मोकाट, वळणांवर वाळू साचलेली. दुपारी दोन वाजता इथे असू नका.

## टप्पा ८: रोजची घडी

फ्रान्समधली लहान गावं घड्याळावर चालतात. दुपारचं जेवण १२ ते २ या वेळातच. सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. किराणा दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर बंद, बरीच सोमवारीही बंद. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी नाही. सकाळी निघतानाच पाव, चीज, फळं घेऊन बॅगेत टाका.

शाकाहारी मंडळींनी गावातल्या मेन्यूवर भिस्त ठेवू नये. इथला प्रसिद्ध कासुले हा पदार्थ पांढऱ्या घेवड्याचा असला तरी त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. सॅलड आणि किश या अंड्याच्या खाऱ्या पायमध्येही ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास निघतात. ऑर्डर देताना ‘सां व्हियांद, सां लार्दों, सां प्वासों’ असं तिन्ही सांगा: मांस नको, लार्दों नको, मासे नकोत. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येऊ शकतं.

पाणी माणशी दोन लिटर भरूनच निघा. नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिण्याजोगं. त्याआधी ‘नों’ असेल तर नाही. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीच्या फाटकाजवळ बहुधा असतो.

नियम थोडक्यात: वाहतूक उजवीकडून. सायकलवर कानात इअरफोन घालायला बंदी आहे, दंड १३५ युरो. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. दारूची मर्यादा मोटारचालकांना आहे तीच सायकलस्वारांना. कालव्यात पोहायला आणि काठावर मनमानी तंबू ठोकायला मनाई आहे. आपत्कालीन क्रमांक ११२. आपण कुठे आहोत हे सांगताना शेवटच्या लॉकचं किंवा पुलाचं नाव द्या.

## टप्पा ९: परती

बेझिये किंवा सेतहून तूलूझला वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या आहेत. प्रादेशिक टीईआर गाडीत सायकल चढवता येते, पण जागा मोजक्या. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी डबा भरलेला असतो, म्हणून सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा. लांब पल्ल्याच्या एंतेरसिते गाडीत सायकलची जागा तिकिटासोबतच राखून घ्यावी लागते. नंतर जोडू म्हणाल तर जोडता येत नाही. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीत सायकल न उघडता, अख्खी न्यायची तर ती सोय असलेलीच गाडी हवी, एरवी चाकं काढून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत. भाड्याची सायकल सेतलाच सोडली तर या साऱ्या कटकटीतून सुटका, त्यासाठी जरा जास्त भाडं पडलं तरी परवडतं.

फलाटावर बॅगा आधीच सायकलवरून काढून ठेवा. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, आणि जुन्या डब्यांना उंच पायऱ्या असतात.

परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस तूलूझमध्ये मोकळा ठेवा. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात. संपाच्या काळात दुसऱ्या दिवशी कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाहीर होतं. तेव्हा सेतच्या मुक्कामी जेवायला बसण्याआधी आपल्या गाडीचा क्रमांक त्या यादीत आहे का ते बघून घ्या.